फक्त अंगठा राहिलाय

"धरू की सोडू? एकदाच काय ते सांग!"

लोखंडी जिन्याची पायरी गंजून पोकळ झाली होती आणि बादली घेऊन चढणाऱ्या ओदाल्मिसचा पाय नेमका तिच्यावरच पडला होता. वरून उतरणाऱ्या, वरच्याच मजल्यावर राहणाऱ्या योस्बेलनं तिचा दंड घट्ट पकडला, म्हणून ती निम्मी लटकलेली तरी होती.

"सोड! हात नको लावूस... सोड म्हणते ना!"

त्यानं सोडलं. ती बादलीसकट धपकन खालच्या पायरीवर बसली.

"ऐकलं तुझं," तो ओशाळून म्हणाला. "लागलं का?"

ती आपल्या बाहीकडे बघत होती. पांढऱ्याशुभ्र बाहीवर चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता. तांबूस, ओला, अगदी स्पष्ट. योस्बेल सकाळपासून गच्चीवरची पाण्याची टाकी खरवडत होता, त्याचे हात गंजानं माखले होते.

"अरे देवा," तो पुटपुटला.

मे महिन्यात ओदाल्मिसनं ओबाताला देवाची दीक्षा घेतली होती. दोन वर्षं अंगात मुरलेला, कुणालाच न कळलेला ताप त्यानंतर उतरला होता. तेव्हापासून ती 'इयावो', म्हणजे नवी दीक्षित. मातान्सास शहरातल्या त्या गल्लीत सगळे तिला याच नावानं हाक मारत. वर्षभर पांढरंच नेसायचं, डोकं झाकायचं, कुणाच्या हातून काही घ्यायचं नाही. आणि गुरुआई सोडून कुणी तिला शिवायचं नाही. नियम मोडलास तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून, असं एनेइदा मद्रिनानं, तिच्या गुरुआईनं, तेव्हाच बजावलं होतं. आज मद्रिनाच्या घरी ढोल वाजणार होते. दुपार कलली की ती न्यायला येणार होती, आणि तिनं स्वतः शिवलेला हाच झगा घालून तयार राहा, असा तिचा निरोप होता.

ओदाल्मिस घरात धावली, साधा झगा चढवून अंगणात आली आणि क्लोरीनची बाटली उघडली.

"ए, ते नको!" गच्चीच्या कठड्यावरून योस्बेल ओरडला. "क्लोरीननं गंज कायमचा बसतो. माझे तीन शर्ट गेलेत."

"मग काय करू? तुझ्या बोटांसकट नाचू तिथे?"

"लिंबू, मीठ आणि ऊन. थांब, माझ्या मावशीच्या झाडाची लिंबं आणतो."

"ऊन..." तिचा चेहरा पडला. सूर्य डोक्यावर होता. इयावोनं भर दुपारी उघड्यावर उभं राहायचं नसतं.

"मग मी आहे ना वर."

पाव, भाजीपाला वर ओढायची, दोरीला बांधलेली टोपली खाली आली. ओदाल्मिसनं झगा तिच्यात ठेवला आणि मागे सरली. टोपली डुलत डुलत वर गेली.

"हातानं चोळू नकोस हं!"

"चमच्यानं लावतोय. चमच्याला तरी परवानगी आहे ना?"

तिनं ओठ दाबले. हसायची ही वेळ नव्हती. ती ओसरीच्या सावलीत उभी राहून कडेच्या उन्हाकडे बघत राहिली. खाडीवरून ढग येत होते. एक ढग आला, अंगण काळवंडलं. ढग गेला. पुन्हा लखलखीत ऊन.

"इयावो... करंगळी गेली!"

"खरंच?"

"तुला खोटं सांगून मी कुठे जाऊ? एकच जिना आहे."

आणखी मीठ. आणखी लिंबू. मग वरून नुसता चमच्याचा आवाज.

"योस्बेल?"

"हं?"

"बोलत राहा ना. काळजी वाटते."

"काय बोलू? तू रोज सकाळी कपडे वाळत घालताना गुणगुणतेस. सूर चुकतो. मी तरी खिडकी उघडी ठेवतो... दुसरं बोट गेलं."

तिच्या कानशिलांना ऊन लागावं तसं झालं. ती सावलीत होती.

"ते सांगायची गरज नव्हती," ती हळूच म्हणाली.

"बोटाचं?"

"खिडकीचं."

दार वाजलं.

बरंच लवकर! एनेइदा मद्रिना आत आली, पंखा हलवत, घामाघूम. ओदाल्मिस खाली वाकली, पालथी पडून तिनं नमस्कार केला. मद्रिनानं तिला उठवलं, न्याहाळलं.

"झगा का नाही घातलास?"

"वाळतोय, मद्रिना..."

आणि वरून आनंदानं फुटलेला आवाज आला, "इयावो! चारही बोटं गेली! फक्त अंगठा राहिलाय!"

मद्रिनाचा पंखा थांबला.

"कुणाचा अंगठा?"

कठड्यावर योस्बेलचं डोकं दिसलं आणि तिथेच गोठलं. "माझा. म्हणजे... हातोडी लागली. बाकीची बोटं बरी झाली."

"इतक्यात? खाली सोड ती टोपली."

टोपली उतरली. मद्रिनानं झगा उचलला, हुंगला, बाही उन्हात धरली. अंगठ्याची फिकट पिवळी खूण दंडाच्या जागी होती.

"जिन्याच्या कठड्याचा गंज लागला तिला!" योस्बेल वरून घाईघाईनं म्हणाला. "मी पाहिलं. कुणी शिवलं नाही."

सुटका समोर होती. नुसती मान हलवायची होती. ओदाल्मिसला तापाच्या त्या रात्री आठवल्या, ओल्या चादरी, आईचं रडणं. ते पुन्हा सुरू झालं तर?

"तो खोटं बोलतोय, मद्रिना. माझ्यासाठी. जिन्यावरून पडत होते, त्यानं धरलं. मी सोड म्हटलं, त्यानं सोडलं."

"पडणाऱ्याला धरलं, ते मी शिवणं मानत नाही. देवही मानत नसेल." मद्रिनानं झगा खुर्चीवर ठेवला. "मग एवढी कापतेस का, पोरी?"

ओदाल्मिसनं वर पाहिलं नाही.

"कारण... त्यानं सोडलं तेव्हा मला वाईट वाटलं."

गच्चीवर काहीतरी लोखंडी खणखणत पडलं.

मद्रिनानं पंखा मिटला. मग तिनं मान वर केली. "काय रे, ऐकलंस?"

"ऐकलं," आवाज जेमतेम आला.

"मग आता मे महिन्यापर्यंत काहीच ऐकलं नाही असा राहा. हाका नाहीत, टोपली नाही, खिडकी बंद. वर्ष पुरं झालं की पायऱ्या उतरून रीतसर दारातून ये. जमेल?"

ओदाल्मिस भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"नाही जमणार," योस्बेल म्हणाला. "पण राहीन."

मद्रिनानं झगा ओदाल्मिसच्या समोर धरला. "घाल. वरून शाल घे. आणि हसणं संपलं की सांग, निघू."