आंब्याची कोळ

“पोराचं दप्तर वऱ्हांड्यात उघडं नका राहू देऊ, ताई. या शायेत डोये लय.”

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात बेबाबाईंनी शिल्पाला हे सांगितलं होतं. बेबाबाई सिस्टरांच्या शाळेतल्या शिपाईबाई. शाळेला कसले डोळे, म्हणून शिल्पा तेव्हा हसली होती. चौथीतल्या पोराच्या दप्तरात असून असून काय असणार? भाजीपोळीचा डबा आणि पेन्सिलीचा कचरा.

मग एका शुक्रवारी साडेअकराला फोन वाजला.

“प्रशीलच्या आई ना?” मराठीचे हितेंद्र सर बोलत होते. “लगेच या. मुलाच्या कंपासमध्ये चिठ्ठी सापडली आहे. आजच्या शुद्धलेखन स्पर्धेचा अख्खा उतारा आहे त्यात.”

पिंप्राळ्याहून स्कूटर काढली ती थेट शाळेच्या फाटकात थांबली. मदर मेरीच्या गुहेपाशी भूमिका पाण्याची बाटली काखेत धरून उभी होती. प्रशीलच्याच वर्गातली मुलगी. तिचे तळहात लालभडक दिसले. शिल्पाने पाहिलं तशी तिने हात कपड्यांत लपवले. मेंदी उतरत असेल, असं म्हणून शिल्पा पुढे गेली.

हेड सिस्टर अर्सुला टेबलामागे बसल्या होत्या. समोर चौकोनी घडीची चिठ्ठी. कोपऱ्यात प्रशील. तो रडत नव्हता, आणि शिल्पाला त्याचीच जास्त भीती वाटली.

“मी नाही ठेवली, मम्मी,” तो एवढंच म्हणाला.

खिडकीशी हेमांगी मॅडम उभ्या होत्या. भूमिकाची आई, आणि पालकांच्या ग्रुपच्या ॲडमिन. बोलणं असं घासूनपुसून की बेबाबाई त्यांच्यासमोर तोंड उघडायला लाजत.

“वक्तृत्वात पहिला, प्रश्नमंजूषेत पहिला, आता हे,” हेमांगी म्हणाल्या. “आमच्या मुली रात्रंदिवस घोकतात. काही लोकांना सगळं आयतंच मिळायची सवय असते.”

‘काही लोक’ म्हणजे कोण, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. शिल्पाच्या गळ्यात निळ्या धाग्यात ओवलेलं बुद्धाचं लॉकेट होतं. हेमांगींची नजर तिथे जाऊन परत आली.

सिस्टरांनी निर्णय सांगितला. पुढच्या शनिवारी धुळ्याला होणाऱ्या आंतरशालेय फेरीतून प्रशीलचं नाव रद्द. दुसरी आलेली भूमिका जाईल. सोमवारच्या प्रार्थनेत तसं जाहीर होईल. शिवाय पालकांचा एक अर्ज आला होता, प्रशीलला दाखला द्या म्हणून.

“अर्ज इतक्या लवकर आला?” शिल्पाने विचारलं.

“लोक संतापलेत,” हेमांगी म्हणाल्या.

“सिस्टर, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. आणि त्या चिठ्ठीचा फोटो.”

सिस्टरांनी दोन्ही दिलं.

घरी प्रशील जेवला नाही. वही काढून तो एक ओळ लिही आणि खोडी. पुन्हा लिही, पुन्हा खोडी. संध्याकाळपर्यंत पानाला भोक पडलं. शिल्पाचा नवरा राकेश दीपनगरच्या वीजकेंद्रातून ड्यूटी करून आला आणि पोराकडे बघत दारातच उभा राहिला.

“काय लिहितोय?”

“माझं नाव,” प्रशील म्हणाला.

शिल्पाने फोटो मोठा केला. निळ्या पेनाने, सुटी सुटी अक्षरं. अक्षरावरून कुणाला ओळखावं अशी सोयच नव्हती.

‘आजीने आंब्याची कोळ पाणवठ्यावर पुरली. दुसऱ्या वैशाखात तिला कोंब फुटला.’ पुढे आणखी आठ ओळी.

“तुला यातला अवघड शब्द कोणता वाटला?” तिने प्रशीलला विचारलं.

“पाणवठ्यावर. सिस्टरनी दोनदा वाचला.”

शनिवारी अर्धा दिवस शाळा होती. शिल्पा पुन्हा सिस्टरांसमोर बसली.

“मूळ पेपर कुठे असतो, सिस्टर?”

“माझ्या कपाटात, सीलबंद. सील मी स्पर्धेच्या खोलीतच फोडलं.”

“मला दाखवाल?”

सिस्टरांनी छापील कागद पुढे सरकवला. शिल्पाने पहिली ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. ‘आजीने आंब्याची कोय विहिरीजवळ पुरली.’

“विहिरीजवळ?”

“हो, छापलं तसंच होतं. वाचताना मला ते फार सोपं वाटलं, म्हणून ऐनवेळी ‘पाणवठ्यावर’ केलं.”

“आधी कुणाला सांगितलं होतं?”

“मलाच ठाऊक नव्हतं, तर सांगणार कुणाला?”

शिल्पाने चिठ्ठीचा फोटो छापील कागदाशेजारी ठेवला. मग विचारलं, “तुम्ही वाचत होतात तेव्हा वऱ्हांड्यात कोण होतं?”

“बेबाबाई पाणी भरत होत्या. हेमांगी मॅडम बिस्किटांचे पुडे मांडत होत्या. हितेंद्र सर आत, माझ्या शेजारी.”

“आणि दप्तरं?”

“बाहेर, वऱ्हांड्यात. मुलांनी आत फक्त पेन आणि पॅड नेलं.”

“दप्तरं तपासा असं कुणी म्हटलं?”

सिस्टरांनी चष्मा काढला. “पेपर फुटल्याची कुजबुज आहे, असं हेमांगी मॅडम म्हणाल्या.”

बाहेर नळापाशी बेबाबाई डबे घासत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. शिल्पाने चिठ्ठीची ओळ वाचून दाखवली.

बेबाबाईंचा हात थांबला. “आंब्याची कोय म्हना, ताई. कोळ कुठून आनली?”

“इथे कोळ लिहिलंय.”

“व माय! आमी केळाले केय म्हनतो, म्हनून काय कोयची कोळ करायची? हे त्याचं काम शे, ज्याले आपल्या बोलीची लाज वाटते.”

शिल्पा नळाजवळच्या ओट्यावर बसली. तिला धुळ्याचं कॉलेज आठवलं. पहिल्या वर्षी निबंधात तिने ‘राहण्याची सोय’ऐवजी ‘राहण्याची सोळ’ लिहिलं होतं आणि सगळा वर्ग खदखदला होता. लहानपणापासून तिच्या तोंडात ‘ळ’चा ‘य’, शाया, डोया, केयी. लोकांनी हसू नये म्हणून ती दिसेल त्या ‘य’चा ‘ळ’ करायला लागली होती, नको तिथेही. पुण्यामुंबईच्या माणसाच्या हातून ही चूक होणार नाही. आणि आपली बोली बिनधास्त बोलणाऱ्याच्याही नाही.

घरी येऊन तिने पालकांचा ग्रुप मागे मागे सरकवला. ऑगस्टमध्ये बिनविस्तवाच्या पाककृतींची स्पर्धा होती, तिथपर्यंत. हेमांगींचा मेसेज तिथेच होता. ‘दुधावरची साळ प्रत्येकाने घरूनच आणावी.’ खाली कुणीतरी हसरा चेहरा टाकला होता. साय लिहिताना झालेली टायपिंगची चूक, असं सगळ्यांनी धरलं होतं. शिल्पानेही.

सोमवारी प्रार्थनेआधी सिस्टरांच्या खोलीत पाच जण जमले. सिस्टर, हितेंद्र सर, हेमांगी, शिल्पा आणि दारात बेबाबाई.

“कबुली द्यायला आलात का?” हेमांगींनी विचारलं.

“एक प्रश्न विचारायला. या चिठ्ठीत शुद्धलेखनाच्या किती चुका आहेत?”

“हा काय पोरखेळ?”

“सर, तुम्ही सांगा. पण आकडा कागदावर लिहा, बोलू नका. मॅडम, तुम्हीही.”

हितेंद्र सरांनी चिठ्ठी वाचली आणि आकडा लिहिला. हेमांगींनी शिल्पाकडे तुच्छतेने पाहिलं, चिठ्ठी दोनदा वाचली, लिहिलं, कागद टेबलावर आपटला.

सरांच्या कागदावर एक. हेमांगींच्या कागदावर शून्य.

“कोणती चूक, सर?”

“कोळ. तिथे कोय हवं.”

“कोय?” हेमांगी हसल्या. “ती गावठी बोली झाली. शुद्ध शब्द कोळच.”

दारातल्या बेबाबाईंनी मान वर केली. बाहेर घंटेचा दोर हलत होता.

शिल्पा सिस्टरांकडे वळली. “पेपर फुटलाच नव्हता. छापील कागदात ‘विहिरीजवळ’ आहे. ‘पाणवठ्यावर’ हा शब्द तुमच्या तोंडून निघाला त्याआधी उताऱ्यात कुठेच नव्हता, पण चिठ्ठीत आहे. म्हणजे चिठ्ठी तुम्ही वाचताना, ऐकून लिहिली. प्रशील आत होता. सर आत होते, आणि त्यांना चूक दिसली. बेबाबाईंना लिहिता येत नाही. वऱ्हांड्यात आणखी एकच माणूस होतं. दप्तरंही तिथेच, आणि ती तपासायला लावणारंही तेच.”

“एका अक्षरावरून?” हेमांगींचा आवाज चिरकला.

“दोन.” शिल्पाने मोबाईल पुढे केला. “दुधावरची साळ.”

सिस्टर उठल्या. कपाटातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि भूमिकाचा कागद वेगळा केला. तिची एकच चूक होती, लाल गोलातली. आंब्याची कोळ.

“ही एक चूक नसती, तर ती आणि प्रशील बरोबरीत आले असते,” सिस्टर म्हणाल्या. “हा शब्द तिला कुणी शिकवला?”

हेमांगींनी कागद हातात घेतला आणि लाल गोलावर बोट ठेवलं.

“मला वर्गात केयीवाली म्हणायचे,” त्या म्हणाल्या. घासलेली बोली गळून पडली होती. “माह्या बापाच्या केयीच्या बागा होत्या रावेरकडे. माह्या पोरीले कोनी तसं म्हनू नये म्हनून मी रोज... चुकली की एक, चुकली की एक...”

“एक काय?” शिल्पाने विचारलं.

हेमांगींनी टेबलावरची फूटपट्टी दूर सारली. शिल्पाला ते लाल तळहात आठवले, आणि मेंदी म्हणून आपण पुढे गेलो, तेही.

प्रार्थनेत सिस्टरांनी प्रशीलची सगळ्या शाळेसमोर माफी मागितली. शनिवारी तो धुळ्याला गेला आणि तिसरा आला. बाकांवर तो भूमिकाला शोधत होता, असं सर म्हणाले.

भूमिका सोमवारनंतर शाळेत आलीच नाही. सिस्टर तिच्या घरी गेल्या तर दाराला कुलूप. बुधवारी कुणीतरी येऊन तिचा दाखला नेला. सगळं घर धुळ्याला गेलं म्हणतात. देवपुरात की साक्रीरोडला, नक्की कुणालाच माहीत नाही.

म्हणून शिल्पाचं धुळ्यातल्या वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या मुलांच्या वर्गात वर्षाच्या मधेच एखादी मुलगी आली असेल. चौथीतली, अक्षर सुरेख, आणि ‘कोय’ लिहायची वेळ आली की पेन थांबत असेल. तिला एकदा जवळ बोलवा. तिचे तळहात बघा.