अकराव्या वर्षीची निरवानिरव

"हे स्वेटर आता तुम्हीच वापरा," असं म्हणत चिऊने आपल्या आईचं कपाट सताड उघडलं, आणि दोन वर्षं ज्या कपाटाला हात लावायची मनाई होती त्याच्यासमोर तिची सावत्र आई दातात दोरा धरून तशीच उभी राहिली!

ही बाई घरीच मशीनवर कपडे शिवायची. तिने शिवलेला फ्रॉक चिऊने घडी न मोडता परत करावा आणि तिने तो अपमान निमूट गिळावा, असंच आजवर चाललं होतं. आणि आता आठवडाभर ही पोर तिच्या मागेमागे फिरत होती... "बाबांना चहात अर्धाच चमचा साखर. मागितली तरी द्यायची नाही." "ते गप्प झाले ना, की भांडू नका. नुसतं जवळ बसा."

सावत्र आईचा जीव सुपाएवढा झाला होता.

"काय जादू केलीस?" घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याने चेष्टा केली. "मला तर अजून दम देते!"

"गप्प बसा हो, दृष्ट लावाल."

पण शनिवारी सकाळी चिऊने आपली लाडकी रंगपेटी शेजारच्या मैत्रिणीला देऊन टाकली, आणि सावत्र आईच्या काळजात चर्र झालं. ही माया नव्हती... ही निरवानिरव होती!

"कुठे निघालीस तू?" तिने चिऊला जवळ ओढलं. चिऊ कळवळली, छातीवर हात घेऊन मागे सरली.

"दुखतंय?"



"गाठ आहे. एकाच बाजूला... आईला होती तशी."

हा शब्द या घरात तीन वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. आई तापाने गेली, असं बाबांनी सांगितलं होतं. गाठीचं चिऊने बंद दाराबाहेर उभं राहून ऐकलं होतं.

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"आई गेली तेव्हा ते तीन दिवस जेवले नव्हते. आता तुम्ही आहात. सांभाळाल ना त्यांना?"

सावत्र आईला हुंदका आवरेना. "वेडे, हे वाढीचंच असणार! माझंही तुझ्या वयात असंच झालं होतं. पण माझ्या बोलण्यावर विसंबायचं नाही. चप्पल घाल."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सावत्र आईला शेजारी उभं ठेवूनच चिऊला तपासलं. "बटणाएवढी आहे. मुलींची छाती वाढायला लागते ती अशीच. पुष्कळदा आधी एका बाजूला, दुसरी काही महिन्यांनी. दुखतंही थोडं. आईचा आजार हा नव्हे. मोठी झालीस की डॉक्टरांना आईबद्दल जरूर सांग. आज घरी जा आणि पोटभर जेव."

"म्हणजे मी मरणार नाही?"

"शंभरी गाठलीस की ये, मग बघू!"

चिऊ सावत्र आईच्या कुशीत कोसळली, आणि आठवडाभर कोंडलेलं सगळं रडू तिथेच वाहून गेलं.

निरोप मिळताच बाबा धावत आले. कपाळावर भिंग तसंच होतं. सगळं ऐकल्यावर ते बायकोवरच उखडले. "मला न विचारता इथवर आणलंस?"

दोन वर्षांत ती पहिल्यांदा उलटून बोलली. "विचारत बसले असते, तर ती अजून निरोपच घेत बसली असती! तिला दुःख नको म्हणून तुम्ही दार लावलंत... आणि ती दाराबाहेर एकटीच उभी राहिली हो!"

बाबांचा चेहरा पडला. ते बाकावर टेकले. चिऊचा हात हातात घेतला. "तुझ्या आईला..."

बापलेकीत आपण कशाला, म्हणून ती उठू लागली. चिऊने तिचं कोपर घट्ट धरलं.

"तुम्हीपण बसा. तुम्हालाही कुणी सांगितलेलं नाहीये."

ती बसली. बाबांनी डोळे पुसले, आणि त्या आजाराच्या अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.