शेजारच्या सीटचा ब्रेक

“तिथे नका बसू,” ती म्हणाली. “एसीचा सगळा वारा त्याच खुर्चीच्या डोक्यावर येतो. अर्ध्या तासात कुडकुडायला लागाल.”

तो अर्धवट बसला होता, तसाच उठला. उंच, सडपातळ, डोक्यावर लोकरी टोपी, नाकावर जाड काड्यांचा चष्मा आणि चेहऱ्यावर भलत्याच वर्गात शिरलेल्या मुलाचा भाव. त्यानं हॉलभर नजर फिरवली. खिडक्यांना लागून ओळीनं मांडलेल्या आरामखुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा खांब... मग तिच्याकडे पाहून तो जरासा हसला. नवीन दिसतोय बिचारा, तिनं मनाशी म्हटलं, आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली.

ती खरोखरच मास्तरीण होती – गाडी शिकवणारी. मामाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली कित्येक वर्षं ती लोकांच्या शेजारच्या सीटवर बसत होती. त्या गाडीला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या. घाबरलेला माणूस तिला लांबून ओळखू यायचा, आणि त्याला चार सूचना दिल्याशिवाय तिला राहवायचं नाही. शिवाय या हॉलमध्ये ती जुनी होती. एकदा सगळी केमो पार पाडून, सगळ्यांचा निरोप घेऊन, पुन्हा तोंड दाखवणार नाही असं हसत सांगून ती इथून गेली होती. कॅन्सर परत आला, तशी तीही मुकाट्यानं परत आली.

तर तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. मोजे दोन जोड आणायचे. औषध चढत असताना बर्फाचा खडा तोंडात धरायचा, म्हणजे तोंड कमी सोलतं. स्टीलच्या चमच्यानं खायचं नाही, लोखंड चाटल्यासारखं लागतं. लाकडी चमचा जवळ ठेवायचा. आणि आवडीचं तर आज चुकूनसुद्धा काही खायचं नाही.

“का?” त्यानं अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखं विचारलं.

“कारण आज जे खाल, ते पुन्हा जन्मात नको वाटेल. माझं चॉकलेट असंच गेलं. काहीतरी नावडतं खा, म्हणजे कायमचं वैर झालं तरी बिघडत नाही.”

तो मान डोलवत राहिला. लाकडी चमचा कुठे मिळतो, मोजे सुती हवेत की लोकरी, असलं काय काय विचारत राहिला. चष्म्याआडचे त्याचे डोळे जरा जास्तच चमकत होते, पण ते तिला तेव्हा कळलं नाही. तेवढ्यात सिस्टर आल्या. हॉलमध्ये त्या सर्वांत जुन्या, म्हणून सगळे त्यांना थोरल्या सिस्टर म्हणायचे.

“झाली का ओळख?” त्या म्हणाल्या. “तुम्ही सोबती नको म्हणाला होतात, पण मीच यांना पाठवलं. म्हटलं, बघा तरी जाऊन.”

त्या हॉलची एक पद्धत होती. ज्याला हवा असेल त्याला एक सोबती मिळायचा. डॉक्टर नाही, नातेवाईक नाही, तर कधीतरी याच खुर्चीत बसून उठलेला माणूस. तो औषध संपेपर्यंत शेजारी बसायचा. हिनं मात्र साफ नकार दिला होता, मला कोण काय नवीन सांगणार म्हणून. आणि आता आपल्या सोबत्यालाच तिनं अथपासून इतिपर्यंत केमो शिकवून ठेवली होती. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला वाटलं.

“बोलला का नाहीत?” ती कशीबशी म्हणाली.

“बोलू कुठे दिलंत?” तो म्हणाला. “पण खरं सांगू... मी दोनदा बसलोय इथे. ते चमच्याचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. दोन्ही वेळा लोखंड खाल्लं.”

“मग ही टोपी?”

“ही एसीसाठी.” त्यानं टोपी काढली. “टक्कल औषधाचं नाही, वडिलांकडून आलंय.”

ती हसली. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि ते तिचं तिलाच ऐकून नवल वाटलं. घरी जाताना मात्र तिच्या डोक्यात त्याचा एकच शब्द फिरत होता, ‘दोनदा’. दोनदा बसूनही हा माणूस उठून चालू लागला होता.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून तो तिचा चष्मेवाला झाला आणि ती त्याची मास्तरीणबाई. दुकानात डोळे तपासताना तो भिंगं बदलून विचारायचा, हे स्पष्ट की आधीचं? तीच सवय इथेही. “कसं वाटतंय?” असं त्यानं तिला कधी विचारलं नाही. त्या प्रश्नाला ‘बरं’ एवढंच उत्तर लोकांना हवं असतं, असं त्याचं म्हणणं. तो विचारायचा, “काल बरं होतं की आज?” मग तिला खरंखुरं आठवून पाहावं लागे. कधी काल बरा असायचा, कधी आज, आणि एखाद्या वेळी दोन्ही भिंगं धूसरच, असं ती सांगायची.

सोबत्यांना एक नियमही होता. ‘सगळं ठीक होईल’ असं म्हणायचं नाही. घरात तर ते वाक्य उठता-बसता कानावर पडत होतं. आई म्हणायची, दादा म्हणायचा, फोनवरून मामा ओरडून म्हणायचा. एकदा तिनं चष्मेवाल्याला आडून नाही, सरळच विचारलं, मी यातून उठेन का?

“माहीत नाही,” तो म्हणाला.

तिला राग आला. मग थोड्या वेळानं, का कोण जाणे, मोकळं वाटलं. या माणसानं उद्या काही चांगलं सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवता येईल, असं वाटलं. त्यानंतर केमोच्या दिवशी ती जरा ठाकठीक होऊन निघू लागली. वहिनी दारात उभी राहून नणंदेला न्याहाळायची. “सलाईन लावायला कानातले लागतात का गं हल्ली?” असं विचारायची, आणि ती उत्तर न देता चपला घालायची.

मधेच एके दिवशी तिच्या पायाची बोटं गेली. म्हणजे होती जागेवर, पण जाणवेनात. चप्पल पायातून निसटली तरी कळेना. केमोच्या औषधांचा हा एक परिणाम असतो, हे तिला ठाऊक होतं. गेल्या खेपेला थोड्या मुंग्या येऊन थांबलं होतं. या वेळी तिला धडकीच भरली. पाय कळला नाही तर ब्रेक कळणार नाही, आणि ब्रेक कळला नाही तर तिच्या भरवशावर कुणी स्टिअरिंग हातात घ्यायचं? घरी तिनं ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टरांनाही सांगितलं नाही. ते औषध कमी करतील आणि कमी औषधानं दुखणं जोर धरेल, अशी तिची भीती. सांगितलं ते फक्त चष्मेवाल्याला.

त्यानं दोन्ही हात तिच्यापुढे धरले. लांब, नीटस बोटं. तिनं ती याआधी पाहिली नव्हती असं नाही.

“चष्म्याचा स्क्रू बघितलाय ना? मोहरीएवढा. वर्षभर मला तो उचलता येत नव्हता. मीही तुमच्यासारखाच गप्प बसलो होतो.”

“आली का परत बोटं?”

“आठ आली. दोन अजून सुट्टीवर आहेत.” तो हसला, मग हसू आवरलं. “वेळेवर बोललो असतो तर कदाचित दहा आली असती. मी डॉक्टरांना तुमचं काही सांगणार नाही, तो आमचा नियम आहे. पण तुम्ही सांगा... माझ्यासाठी नाही, त्या ब्रेकसाठी.”

तिनं त्याच दिवशी सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. एक औषध बदललं, दुसऱ्याचं प्रमाण उतरवलं आणि पाय हळूहळू येतील, पण किती ते बघावं लागेल, म्हणाले. हॉलमध्ये परतताना तिनं पाहिलं, तो तिची शाल मांडीवर घेऊन दाराकडे डोळे लावून बसला होता. तेव्हा तिच्या काळजात जे हललं, त्याला काय म्हणतात हे न कळण्याएवढी ती लहान नव्हती.

आणि म्हणूनच तिनं मनाला लगाम घातला. परत आलेलं दुखणं आणखी एकदा येऊ शकतं. असल्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाला का घ्यायचं? तिनं कानातले काढून डबीत ठेवले.

पुढच्या वेळी तो आलाच नाही. शेजारची खुर्ची रिकामी. थोरल्या सिस्टर इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, पण अखेर तिच्या नजरेपुढे त्यांनी हात टेकले. त्याची स्वतःची तपासणी होती. दर काही महिन्यांनी असते, आणि तो एकटाच जातो. त्या दिवशी औषध चढत असताना तिनं बर्फ तोंडात घेतला नाही, की खिडकीबाहेर पाहिलं नाही. पायाखाली ब्रेक नसलेल्या गाडीत बसल्यासारखी ती ताठ बसून राहिली. स्वतःच्या रिपोर्टच्या वेळीही ती एवढी घाबरली नव्हती.

संध्याकाळी सलाईन निघता निघता तो आला. दमलेला, टोपी हातात.

“स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “या खेपेपुरतं.”

तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच नाकावर राग आला. “मला सांगितलं का नाही?”

“तुमच्या डोक्याला आधीच काय कमी आहे? सोबत्यानं आपली काळजी दुसऱ्यावर टाकायची नसते.”

“म्हणजे शेजारी बसायचा मक्ता तुमचाच? पुढच्या तपासणीला मी येणार. नियम असो नाहीतर नसो.”

तो चष्मा काढून पुसत राहिला, कितीतरी वेळ, आधीच लख्ख असलेला.

शेवटच्या औषधाच्या दिवशी त्यानं तिला लाकडी चमचा दिला, दांड्याला लाल दोरा बांधलेला. आजपासून मी तुमचा सोबती नाही, पद्धतच तशी आहे, असं म्हणाला. तिनं चमचा पर्समध्ये टाकला आणि ठेवणीतलं हसून निघाली. न्यायला आलेल्या वहिनीनं रिक्षात नुसता तिचा हात धरून ठेवला.

पुढे तपासण्या झाल्या. गाठ बरीच आकसली होती. आता गोळ्यांवर आणि नजरेखाली राहायचं होतं. पायही परतू लागले. मामानं गाडी द्यायला एकच अट घातली: आधी मोकळ्या मैदानात ब्रेक तपासायचा, मगच रस्ता. पण त्यासाठी शिकणारा हवा. दादाला गाडी येत होती. वहिनी म्हणाली, मला दोन पोरं आहेत, मी नाही तुझ्या प्रयोगात. आणि मग, अगदी साळसूदपणे, “तुझ्या त्या चष्मेवाल्याला येते का गं गाडी?”

त्याला येत नव्हती. फोन केल्यावर तासाभरात तो गोदामांमागच्या मैदानावर हजर होता.

तो अत्यंत वाईट विद्यार्थी निघाला. वळायचा दिवा लावायला गेला आणि वायपर सुरू केला. ढग नावालाही नव्हता. काच करकरू लागली. क्लच सुटला, गाडी उसळली आणि टोकाला रचलेल्या जुन्या टायरांच्या दिशेनं सुसाट निघाली. त्यानं घाबरून भलतंच पेडल दाबलं.

“अरे, ब्रेक!” ती ओरडली.

आणि तिचा पाय आपसूक खाली गेला. रबराचा खडबडीतपणा, खालून येणारा तो दाब, गाडीचं थांबणं, सगळं तिच्या तळव्याला कळलं. टायर हातभर अंतरावर होते. वायपर तेवढा कोरड्या काचेवर चालू होता.

“कळला,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. “मला ब्रेक कळला.”

“सगळी बोटं?”

“करंगळी अजून सुट्टीवर आहे.”

तो हसला, आणि हसता हसता त्याचेही डोळे भरले. चष्मा काढून तो म्हणाला, “आता मी सोबती नाही. म्हणून विचारतो... एकटीनं बरं वाटतं, की असं?”

“आधी माझं ऐकून घ्या. हे परत येऊ शकतं.”

“माझंही.”

“मग?”

“मग... माहीत नाही.”

दुसरा कुणीही या घडीला गोड खोटं बोलला असता. तो बोलला नाही. त्याच्या त्या दोन शब्दांनीच तिला धीर आला, आणि इतके दिवस ओढून धरलेला लगाम तिनं सोडून दिला.

“असं,” ती म्हणाली. “असं बरं वाटतं. मला तू आवडतोस. चमच्याचं ऐकून घेतलंस ना, तेव्हापासून.”

त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. आठ बोटांनी नीट, दोन बोटांनी अंदाजानं.

“मास्तरीणबाई,” तो म्हणाला, “मी किती दिवसांत शिकेन?”

“माहीत नाही,” तिनं डोळे पुसले. “पण मी शेजारच्या सीटवर असेन. चल, क्लच दाब. आणि आधी तो वायपर बंद कर.”