सव्वातीनची सावली

मी घरी शिवणकाम करते. गोष्टी रचायची मला सवय नाही. जे झालं ते जसंच्या तसं सांगते आहे. त्यातला जो भाग सांगायला जीभ रेटत नाही, तोही सांगणार आहे. तो गाळला तर बाकीचं कुणाला पटायचं नाही.

लोकांना वाटतं, असलं काही रात्रीच होतं.

माझ्या बाबतीत ते भर दुपारी झालं. उन्हाळ्याचे दिवस. बुधवार. सव्वातीनची वेळ. आणि जागा म्हणाल तर आमचंच अंगण.

आधी थोडं मागचं.

सासऱ्यांनी दोन मुलांना दोन प्लॉट दिले. मधे गल्ली. अलीकडे आम्ही, पलीकडे धाकटे दीर. दोन्ही घरं बैठी. दोन्ही एकाच मापाची. वीस वर्षं मी आणि माझी जाऊ आपापल्या फाटकात उभ्या राहून बोलत आलो. ती मला ताई म्हणते.

सगळं सारखं होतं, तोवर आमचं फार गोड होतं.

मग शहराचा नवा नकाशा लागला. कुठे किती मजले बांधता येतील ते रंगांनी दाखवलेलं. गुलाबी म्हणजे पाच मजले. पिवळा म्हणजे बैठं घर, फार तर वर एक मजला. गुलाबी रंग मोठ्या रस्त्याकडून आला, दिरांच्या प्लॉटवर पसरला... आणि आमच्या गल्लीत येऊन थांबला.

पलीकडे गुलाबी. अलीकडे पिवळा.

जाऊ ओले हात पुसत धावतच आली.

"ताई, आपलं नशीब उघडलं! बिल्डर दोन फ्लॅट देतोय. चौथ्या मजल्यावर! बाल्कनी मी मुद्दाम तुमच्या बाजूला मागितलीय. वरूनच हाक मारत जाईन तुम्हाला."

आपलं म्हणे!

"छान झालं गं," मी म्हणाले. हसलेसुद्धा. मग मशीनवर येऊन बसले आणि शाळेच्या गणवेशाची बाही उलटी जोडली.

खोटं कशाला बोलू? मी जळत होते. रेघ काढणाऱ्याने पेन्सिल हातभर इकडे सरकवली असती तर त्याचं काय जात होतं? आता तिला लिफ्ट. तिला वारा. तिने खाली बघायचं आणि मी मान वर करायची.

हरकत घ्यायला एक महिना होता. त्या महिन्यात गल्लीतला प्रत्येक जण तज्ज्ञ झाला. कुणी म्हणे पाण्याचा दाब जाईल. कुणी म्हणे गाड्या लावायच्या कुठे? कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर तर फाटकाफाटकात थांबून भाषण देत होते, "गल्लीचं गल्लीपण राहणार नाही!" त्याच मास्तरांनी बिल्डरला बाजूला घेऊन "आमच्या बाजूला कधी येताय?" असं विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. सगळ्यांच्या हरकतीचं खरं कारण एकच होतं. मला का नाही?

माझंही तेच.

पण मी पाणी लिहिलं नाही, गाड्या लिहिल्या नाहीत. मी ऊन लिहिलं. "माझं काम खिडकीतल्या उजेडावर चालतं. समोर पाच मजले झाले तर दुपारी सव्वातीनपासून माझं अंगण, खिडकी आणि मशीन सावलीत जाईल."

कार्यालयात जाड चष्म्याचे एक नकाशेवाले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"मोजलंत का तुम्ही?"

"मोजलं."

"एवढी सावली?"

"एवढीच."

मोजलं होतं हे खरं. काठी रोवून, टेप लावून, दोन दुपारी हिशेब केला होता. सव्वातीनला ती सावली गल्लीसुद्धा ओलांडत नव्हती. आमच्या फाटकाला शिवायला तिला पाच वाजले असते. मशीनपर्यंत यायच्या आत दिवसच मावळला असता.

मला माहीत होतं. तरी लिहिलं. खाली सही केली.

बिल्डर म्हणत होता, हरकती-बिरकती नावापुरत्या असतात. त्याच्या भरवशावर दिरांनी घर पाडूनसुद्धा टाकलं. सुनावणीच्या दिवशी जाऊ माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मला हे सुचलंच नव्हतं साहेब," ती म्हणाली. "ताईंच्या मशीनवर सावली येत असेल तर एक मजला कमी करू. दोन करू. ताई, तुम्ही घरी सांगितलं असतंत तरी चाललं असतं हो."

तिने भांडायला हवं होतं. चार शब्द सुनवायला हवे होते. मला तेवढं तरी मिळालं असतं. पण चांगुलपणातही बाईने मला खालीच बघायला लावलं.

मी अर्ज मागे घेतला नाही.

दोन महिन्यांनी नकाशा बदलला. गुलाबी रंग मागे गेला. त्यांचा प्लॉटही पिवळा झाला. बिल्डर पुन्हा फिरकला नाही. घर तर उरलंच नव्हतं. इतके दिवस नातेवाइकांकडे राहिलेले दीर आणि जाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत गेले.

आमच्याकडे ठेवलेलं उरलेलं सामान न्यायला ती आली, तेव्हा निघताना माझ्या फाटकाशी थांबली.

"येते ताई. आता ऊन तुमचंच."

टोमणा नव्हता. टोमणे मारणं तिला जमतच नाही.

त्यानंतरचा तो बुधवार.

मी मशीनवर होते. सुईत दोरा ओवत होते. दोरा जाईना. डोळ्यांवर ताण दिला... जाईना. वाटलं, ढग आला असेल.

घड्याळात सव्वातीन.

बाहेर आले. आभाळ लख्ख होतं. डावीकडच्या घरावर ऊन, उजवीकडच्या घरावर ऊन. गल्लीत ऊन.

आमच्या अंगणात मात्र सावली.

पट्टी लावून आखल्यासारखी तिची कड. फाटकापासून सुरू, पायरीवरून वर, खिडकीतून आत... थेट मशीनपर्यंत. मी लिहिली होती तेवढीच. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

समोर बघितलं.

मोकळा प्लॉट. गुडघाभर गवत. त्याच्यावर आभाळ. आणि आभाळात सूर्य, मला दिसत होता, डोळे दिपवत होता.

मी हात पुढे केला. अंगणात माझ्या हाताची सावली पडली नाही...

संध्याकाळी यांना सांगितलं. आमचे हे बस चालवतात. भूतबीत त्यांच्या रस्त्यात कधी आडवं आलेलं नाही. "चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा," म्हणाले.

शुक्रवारी त्यांची सुट्टी होती. अडीच वाजता अंगणात खुर्ची टाकून, पेपर घेऊन बसले. "बघू तुझी सावली!"

मी दारातून बघत होते.

सव्वातीन वाजले. त्यांनी पेपर खाली घेतला. समोरच्या प्लॉटकडे बघितलं. वर बघितलं. भिंतीला हात लावून बघितला. मग पेपरची घडी केली, खुर्ची उचलली आणि आत आले.

"उद्यापासून कपडे सकाळीच वाळत घाल," म्हणाले.

तेवढंच.

मग आवाज सुरू झाले.

आधी जड लोखंडी दार सरकल्याचा. सर्रर्र... खट्. मग काहीतरी वर चढत गेल्याची घरघर. मग कुणीतरी पलंग ओढत नेल्यासारखं. सगळं त्या रिकाम्या प्लॉटमधून.

पण जमिनीवरून नाही. वरून. चौथा मजला असता ना... तिथून.

रोज नाही. दोन दिवस नसायचं, मी सैल पडायची, तिसऱ्या दिवशी परत. चिमण्यांनी अंगण सोडलं. शेजारच्या मांजराने आमचा कठडा सोडला. ते कडेकडेने उन्हातून जायचं आणि सावलीशी आलं की वळून लांबून फिरायचं.

एका दुपारी भिंतीवर बघितलं तर सावलीच्या वरच्या कडेला बारीक बारीक उभ्या रेघा होत्या.

कठड्याचे गज.

आणि गजांमागे कुणीतरी उभं होतं. बाईच. ओणवून खाली बघत होती. एका हाताने केस मागे सारले... माझी जाऊ सारते तसेच.

मग हाक आली.

"ताई..."

तिचाच आवाज. अगदी रोजचा. राग नाही, रडणं नाही. काम सोडून जरा बोलायला या, असा.

"ताई... वर बघा ना."

मी वर बघितलं नाही. दार लावून घेतलं. मशीनवरच्या कापडात तोंड खुपसून बसले. पाच वाजेपर्यंत हाका येत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले आणि जावेच्या खोल्यांवर गेले. मनाशी पक्कं केलं होतं. पाय धरायचे. मोजमाप खोटं होतं म्हणून सांगायचं. दोन बस बदलल्या, जाताना शब्दसुद्धा जुळवून ठेवले.

ती ठणठणीत होती. मला बघून तिला कोण आनंद झाला! "ताई, तुम्ही! अगोदर कळवायचं ना!" जेवल्याशिवाय सोडेना. जेवण झालं, गप्पा झाल्या. माझे शब्द काही तोंडातून बाहेर येईनात. खोल्या तळमजल्याच्या, मागच्या बाजूच्या. एकच खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. दिवसासुद्धा दिवा जळत होता. मला वाईट वाटत होतं.

आणि थोडं बरंही वाटत होतं. देव मला क्षमा करो.

बोलता बोलता ती उठली आणि तिने दिवा मालवला.

"अगं, अंधार होईल," मी म्हणाले.

"थांबा ना, गंमत बघा."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजत होते.

फरशीवर ऊन आलं.

खिडकीतून नाही. खिडकीत ती भिंतच होती, काळीकुट्ट. कुठून आलं ते दिसलं नाही. फरशीभर पसरलं, पलंगावर चढलं, तिच्या मांडीवर आलं. पिवळंधमक. मी पाय पुढे केला. ऊबदार होतं.

"आम्ही राहायला आल्यानंतर थोड्या दिवसांनी सुरू झालं," ती म्हणाली. "कुठून येतं देव जाणे. हे म्हणतात, समोरच्या कुठल्या तरी काचेवरून येत असेल. मी विचार नाही करत. संध्याकाळपर्यंत असतं. त्यात बसून मी वाचते."

तिचा चेहरा उजळला होता. केस चमकत होते.

तेव्हा मी घाबरायला हवं होतं. "मला माफ कर" म्हणायला हवं होतं.

पण आधी जे मनात आलं ते सांगते, कारण खरं सांगायचं ठरवलंय. मनात आलं, हे माझं आहे. हे माझ्या खिडकीतलं आहे आणि ही त्यात आरामात बसली आहे.

काहीच कबूल न करता मी घरी आले.

याला आता आठ महिने झाले. सव्वातीन वाजले की मी दिवा लावते आणि दिव्याखाली शिवते. हाका अजून येतात. आताशा कधीकधी हसण्याचाही आवाज येतो.

गेल्या आठवड्यात त्या कार्यालयात गेले होते. जाड चष्म्याचे नकाशेवाले म्हणाले, जुनी हरकत मागे घेता येते. मोजमाप चुकलं होतं, एवढं लिहून सही करायची. साहेब नकाशाचा पुन्हा विचार करतील. त्यांनी कोरा कागदही दिला.

तो कागद माझ्यासमोर आहे. हे सगळं त्याच्याच बाजूला बसून लिहिते आहे. पेन हातात आहे आणि सही होत नाही.

कारण सही केली, समोर पाच मजले उभे राहिले, ती चौथ्या मजल्यावर राहायला आली...

आणि तरीही माझं ऊन तिच्याचकडे राहिलं तर?