अर्ध्या मिनिटाचा उशीर

इंजी हातेमला पहिल्यांदा भेटली ती जिन्यात, त्याच्या अंगावर आदळून. त्याच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर सांडला, आणि ही थांबायलाही तयार नाही!

"अहो बाई, आग लागलीय का कुठे?"

"नाही हो... मी मलाच बघायला चाललेय!"

ते दिवसच तसे वेडे होते. अलेक्झांड्रियातल्या त्या जुन्या इमारतीत चार-सहा जण मिळून थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर बनवायचे. गावोगावचे लग्नाच्या हॉलचे मालक ते विकत घ्यायचे, म्हणजे कुवेतमधल्या मामा-काकांना तिथे बसून लग्न दिसायचं. प्रत्येक नव्या आवृत्तीची चाचणी इंजीकडे असे. गच्चीवरच्या कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलायचे आणि धावत खाली ऑफिसातल्या पडद्यापाशी यायचं. चित्र पडद्यावर उमटायला अर्धं मिनिट लागायचं, त्यामुळे ती स्वतःच्या आधी पोचायची. आता सगळं तत्काळ दिसतं, पण ती मजा गेली ती गेलीच.

हातेम ऑफिसात नवाच आला होता. पुढे दर चाचणीला तो चहाचे दोन ग्लास घेऊन पडद्यापाशी उभा राहू लागला.

"बसा इंजिनिअरबाई, तुम्ही येतच असाल इतक्यात!" असं म्हणून गालात हसायचा. त्या हसण्यासाठी इंजी नको तेवढ्या चाचण्या घ्यायची.

तो उशीर घालवायचं काम नेमकं त्याच्याकडेच होतं. हिवाळाभर त्याने डोकेफोड केली. ते जमतंय तोच दुबईहून नोकरीचं बोलावणं आलं.

"जाऊ का?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? आईला विचार!" असं ती फटकन म्हणाली, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

दुबईला उत्तर द्यायच्या दिवशी समुद्रावरून तुफान पाऊस आला. हातेमची बिनउशिराची नवी आवृत्ती जेवणानंतर चढवायचं ठरलं होतं, त्याआधी जुनीची शेवटची चाचणी. इंजी गच्चीवर गेली. ओले केस गालाला चिकटलेले, समोर कॅमेरा... आणि तोंडून निघूनच गेलं, "हातेम, नको ना जाऊस. मला तुझ्याशिवाय करमायचं नाही."

बोलली आणि तिचं धाबंच दणाणलं. पण अर्धं मिनिट होतं ना हातात! ती जीव घेऊन पळाली, पडदा बंद करायला.

जिन्याच्या वळणावरच हातेम उभा होता.

"सरक ना!"

"इंजी... नवी आवृत्ती मघाशीच चढवली मी. धीर धरवेना."

"म्हणजे—"

"म्हणजे तू बोललीस आणि मी ऐकलं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. टांटा शहरातल्या लग्नाच्या हॉलचे मालक, हाजी साबिर. नवी आवृत्ती कशी चालते ते तेही तिकडून बघत होते.

"चित्र झकास, आवाज झकास! मुलीचं ऐकलं आम्ही. तुझं काय? अख्खा हॉल खोळंबलाय, जा की कॅमेऱ्यासमोर!"

हातेम दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. इंजी खाली पडद्यासमोर आली. तो नखशिखांत भिजलेला, डोळे मिचकावत उभा होता.

"हाजी, मी कुठेही जात नाही. आणि इंजी... शुक्रवारी तुझ्या बाबांना भेटायला येऊ?"

"ये!" ती पडद्याकडे बघूनच ओरडली.

तो तसाच वाट बघत पावसात उभा. मग तिच्या लक्षात आलं, खालचं बोलणं वर जायची सोय अजून कुठल्याच आवृत्तीत नव्हती. ती वळली आणि गच्चीकडे धावत सुटली.