बोरखडीच्या शाळेतली पंगत

“ही डाळ पाहा, बाई. हिच्यात तुमाले कुठं कीड दिसते का?”

दारातून आत येताच त्या बाईनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर मुगाची डाळ टेबलावर पसरली. बसायचंही तिला सुचलं नाही.

चंद्रभाननं चष्मा पुसून डाळ न्याहाळली. चांगली निवडलेली, पिवळीधमक होती. त्याची चुलतबहीण साधनाताई गावंडे अमरावतीत खासगी तपासाची कामं करत. एसटीतून निवृत्त झाल्यापासून तो त्यांची गाडी चालवायचा आणि दर प्रकरणात पहिल्याच दिवशी गुन्हेगार ठरवून मोकळा व्हायचा.

“आधी पाणी घ्या,” साधनाताई म्हणाल्या. “मग सांगा.”

पार्वताबाई दर्यापूरच्या पुढच्या बोरखडी गावची. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी तीच शिजवायची. गेल्या आठवड्यात खिचडी खाऊन पोरांना जुलाब लागले. सलाईन लावून सगळी घरी आली, पण गावानं बोट दाखवलं ते पार्वताबाईकडे. हेडमास्तरांनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं. आता सोमवारच्या पालकसभेत तिला काढायचं आणि जेवण शहरातल्या मोठ्या स्वयंपाकघरातून आणायचं, असं ठरत होतं.

“कामाचं जाऊ द्या,” ती म्हणाली. “पण पोरायची माय मले पाहून दार लावून घेते. हे कसं सोसू मी?”

“त्या दिवशी रोजच्यापेक्षा काय वेगळं होतं?”

“आमच्या गावच्या पिंटूच्या पहिलीतल्या पोराचा वाढदिवस होता. त्यानं बुंदी आणली, खिचडीवर घ्याले घाण्याचं जवसाचं तेल आणलं. खिचडी माह्याच हातची. मी नुसती बुंदी खाल्ली, खिचडी पुरलीच नाही मले. अन् ताटं घासता घासता जीव गेला, बाई! बुंदीच्या पाकानं अशी चिकट झाली का गरम पाण्यानंही निघेनात.”

“सगळ्या पोरांना तेल वाढलं?”

“पहिलीच्या ल्हान्यायले नाही वाढत मी. कपडे भरवतात.”

साधनाताईंनी मान हलवली आणि डाळ पुन्हा तिच्या पदरात बांधून दिली.

हेडमास्तर इंगवले मूळचे साताऱ्याचे. बोरखडीच्या शाळेत त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, पण त्यांचा चेहरा ओढलेला होता.

“नियमाप्रमाणे वाढण्याआधी मीच चव घेतली. नंतर पंगतीतही बसलो. मला काही झालं नाही, पहिलीची मुलंही ठीक आहेत. आता काही लोक माझ्याकडेच वाकडं बघतात.”

“बाकीच्या मोठ्या माणसांचं काय?”

“त्या दिवशी पंगतीत मी आणि पिंटूभाऊ, दोघेच. तेही ठणठणीत. एरवी तुमच्याकडं खिचडीवर कच्च्या तेलाची धार धरतात, ते मला जमत नाही. गाव मला हसतं. त्या दिवशी पिंटूभाऊंनीही कोरडीच खाल्ली, तेवढीच मला सोबत.”

“कुलपाची किल्ली कुणाकडं असते?”

“माझ्याच खिशात. त्या दुपारनंतर आत कुणी गेलेलं नाही.”

बाहेर येताच चंद्रभान कुजबुजला, “ताई, हाच तो! सगळे आजारी अन् हा ठणठणीत. किल्लीही याच्याकडंच.”

“आणि हेतू?”

“तो सापडन ना मंग.”

शाळा समितीचे अध्यक्ष पुंजाराम ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. साधनाताईंनी तोंड उघडण्याआधीच ते सुरू झाले.

“मी चोरून नाही बोलत, शहरातलं जेवण पाह्यजेच! रोज तोच भात, तीच डाळ. भाजी कुठाय? अंडं कुठाय? पोरायच्या काड्यायसारखे हात पाहा! माही नात आजारी पडली म्हणून नाही, वर्षभर बोंबलून राहिलो मी.”

“पार्वताबाईंना सांगितलंत कधी?”

“तिले काय सांगाचं? तिच्या हाती येते तेच शिजवते ते.” मग जरा थांबून म्हणाले, “हात चांगला आहे तिचा. पण ह्या वेळी चुकला.”

“आता हा!” गाडीत बसताना चंद्रभान म्हणाला. “वर्षभर बोंबलून काही झालं नाही, म्हणून पोरायले आजारी पाडलं.”

“स्वतःच्या नातीसकट?”

चंद्रभाननं गाडी सुरू केली. त्याला आता अख्खं गावच संशयास्पद वाटू लागलं होतं. चौकातली माणसं त्यांची गाडी दिसताच बोलणं थांबवत होती.

पिंटूच्या अंगणात नवीन ताडपत्रीची मालवाहू गाडी उभी होती. आत लोखंडी कप्पे बसवलेले, रंग अजून ओला वाटावा असा.

“कापसाची गाडी दिसत नाही ही,” चंद्रभान म्हणाला.

“दुधासाठी घेतली, काका. धंदा सुरू कराचा आहे,” पिंटू हसत म्हणाला. “चाला, जेवाची वेळ आहे. आमच्याकडून उपाशी जासान का?”

त्याची बायको वर्षाली हिनं ताटं वाढली. साधीच खिचडी. पिंटूनं खिचडीत खळगा केला आणि तेलाच्या बुधलीसाठी हात पुढे केला.

“अजून ओत ना वो. काहून हात आखडून राहिली?”

“मावशी, हे असंच आहे,” वर्षाली म्हणाली. “कोरडा घास याच्या घशाखाली उतरत नाही. सासरी पहिल्यांदा आला तवा माह्या मायनं तेल कमी वाढलं, त्याचं अजून बोलते.”

साधनाताई मनापासून हसल्या. जेवण झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, “त्या दिवशी उरलेलं तेल कुठं आहे, पिंटूभाऊ?”

“डबा घरी आणला अन् संपला.”

त्यानंतर साधनाताई शाळेत परतल्या. इंगवले सरांकडून कुलूप उघडून घेतलं, आतून काहीतरी कापडात गुंडाळून घेतलं आणि चंद्रभानला सरळ अमरावतीला गाडी न्यायला सांगितली.

सोमवारी सभेआधी साधनाताईंनी एक अट घातली. पार्वताबाईनं सगळ्यांदेखत डाळ धुवायची, सगळ्यांदेखत शिजवायची आणि मोठ्या माणसांनी पंगतीत बसून जेवायचं. मगच निर्णय. पुंजाराम कुरकुरले, पण मांडी घालून बसले. पिंटूही बसला.

खिचडी वाढून झाली. साधनाताई स्वतः बुधली घेऊन आल्या.

“त्या दिवशीचं तेल आहे. वाढायच्या बुधलीत उरलं होतं. चांगलं घाण्याचं तेल, वाया कशाला घालवायचं?”

पुंजारामनं ताट पुढं केलं. शेजारच्यानं केलं. चंद्रभाननंही केलं. धार पिंटूच्या ताटावर आली आणि त्याचा पंजा झटकन ताटावर आडवा पडला.

“मले नको.”

“का हो, पिंटूभाऊ? कोरडा घास तर तुमच्या घशाखाली उतरत नाही.”

पंगतीतले हात थांबले.

“पार्वताबाईंनी मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, फक्त त्यांना ते कळलं नव्हतं,” साधनाताई म्हणाल्या. “ताटं पाकानं चिकट झाली, असं त्या म्हणाल्या. पण साखरेचा पाक गरम पाण्यात विरघळतो. ही चिकटी गेली नाही, म्हणजे ती तेलकट होती. आणि असं दाट, चिकट तेल कोणतं असतं, जे पोटात गेलं की जुलाब होतात?”

“एरंडेल!” पार्वताबाईच्या तोंडून निघालं.

“जवसाच्या उग्र वासात ते लपलं. आता बघा, आजारी कोण पडलं नाही? पहिलीची मुलं, कारण त्यांना तेल वाढत नाहीत. पार्वताबाई, कारण खिचडीच उरली नाही. बुंदी सगळ्यांनी खाल्ली, म्हणजे बुंदी निर्दोष. सर तेल कधीच घेत नाहीत. चव घेतली तीही पातेल्यातली, तेलाची चव कुणी घेतच नाही. राहिला एक माणूस. तेलाशिवाय जेवत नाही, पण स्वतः आणलेलं तेल त्यानं त्याच दिवशी घेतलं नाही.”

“पण मले काय मिळते त्यातून?” पिंटूचा आवाज चिरका झाला.

“ते तुमच्या गाडीतले कप्पे सांगतात. दुधाचा धंदा करणार म्हणता, पण अंगणात ना म्हैस, ना दुधाचं एक भांडं. शहरातल्या जेवणाचे डबे रोज इथं आणायला मात्र गाडी लागणार.”

पुंजारामनं हातातला घास ताटात टाकला. “म्हणजे हे मी खातो ते...?”

“ताजं तेल आहे, दादा. नव्या बुधलीतलं. खरी बुधली कुलपात सुरक्षित होती. ती प्रयोगशाळेत तपासली, त्यात एरंडेल निघालं. अहवालाची प्रत पोलिसांकडं गेली आहे.”

पिंटूनं मान खाली घातली. “थोडं पोट दुखन, येवढंच वाटलं होतं मले. सलाईनपर्यंत जाईन असं नाही वाटलं.”

“माह्या नातीवर वाटून पाह्यलं का रे तू?” पुंजाराम उठले. दोघांनी त्यांना धरलं. मग ते पार्वताबाईकडे वळले. “वहिनी... भाजीचं मात्र मी बोलणारच हो.”

“बोला ना. वावरातून मेथी, पालक आणून देसान तं काहून नाही शिजवणार मी? येवढ्या वर्षांत कोणी विचारलं तरी का?”

चंद्रभाननं ताईंकडे झुकून म्हटलं, “मले तं सर वाटले होते.”

“तुम्हाला पुंजाराम दादाही वाटले होते.”

इंगवले सर इतका वेळ भिंतीशी उभे होते. ते पंगतीत येऊन बसले. खिशातली किल्ली काढून त्यांनी पार्वताबाईच्या हातात दिली आणि ताट पुढं केलं.

“वाढा. आणि वरून तेलही घाला.”

पार्वताबाईनं डोळे पदरानं पुसले, बुधली उचलली आणि हात आवरता घेतला.

“चमचाभरच घालतो, सर. सवय नाही तुमाले.”