आहेकाकांची यादी

रिकाम्या खोलीत कुणी मोठ्यानं वाचलंय का रे कधी? म्हणजे ऐकायला कुणी नाही हे पक्कं ठाऊक असताना?

काय म्हणालास? परीक्षेच्या आदल्या रात्री? बरोबर आहे, त्याआधी पुस्तक सापडतंय कुठे तुला! हसू नका. ते दार लोटून घे गं जरा, आपटतंय. हं.

ही गोष्ट माझ्या थोरल्या मेहुणीच्या सुनेची. तुम्ही ओळखता तिला. उगाच काहीबाही बोलणारी बाई नव्हे ती. तिनं मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं, आणि सांगून होईपर्यंत एकदाही मान वर केली नाही.

सूनबाई एका छोट्या कंपनीत कामाला होती. इस्पितळांसाठी प्रोग्रॅम बनवायची कंपनी. आमच्या इस्पितळातला प्रोग्रॅमही त्यांचाच. मी तेव्हा तिथली यंत्रं सांभाळायचो.

आता प्रोग्रॅम म्हणजे एकच फाइल नसते. शेदोनशे बारीकसारीक फायली असतात. त्या सगळ्या मिळून एका फाइलीत बांधायच्या. त्याला ती माणसं ‘जार’ म्हणतात. हो बाबा, बरणीच, तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं! तर काळ्या पडद्यावर एक कमांड टाइप केली की बरणी भरते. दुसरी कमांड दिली की बरणीतला प्रोग्रॅम चालू होतो. इस्पितळात न्यायची ती नुसती बरणी. बाकी सगळं ऑफिसात राहतं.

त्या ऑफिसात एक वयस्क गृहस्थ होते. बरणी भरून झाली की ते तिसरी कमांड द्यायचे. आत काय काय गेलं त्याची यादी पडद्यावर यायची. मग सूनबाईनं पडद्याकडे पाठ करून, दिव्याखाली बसून, कागदावरून एकेक नाव वाचायचं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून म्हणायचं, “आहे.” तिनं कागदावर खूण करायची. पुढचं नाव. “आहे.” दोनशे चौदा नावं. सगळं ऑफिस त्यांना आहेकाका म्हणायचं. “काका, भूक?” असं मुद्दाम विचारायचे लोक. काका पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे, “आहे.”

एका शुक्रवारी सूनबाई वैतागली. मूल तापानं फणफणलेलं, घरून फोनवर फोन. ती म्हणाली, “काका, चालवून बघितलाय मी प्रोग्रॅम. चालतोय. मग ही घोकंपट्टी कशाला?”

“चालतोय म्हणजे पुरा आहे असं नसतं, पोरी.”

“तुमचा वेळ जात नाही म्हणून माझा का खाता?”

काकांनी चष्मा डबीत ठेवला आणि ते घरी गेले. शनिवारी पहाटे झोपेतच... गेले.

त्यानंतरचा दुसरा गुरुवार. तारीख एकोणीस. रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झालेली. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात सूनबाई एकटी.

काम साधं होतं, पण नाजूक. आमच्याकडे नवजात बाळांच्या वॉर्डात काचेच्या नऊ पेट्या होत्या. बाळाच्या रक्तातला प्राणवायू घटला की नर्सच्या टेबलावर घंटा वाजली पाहिजे. ती वाजवायची या प्रोग्रॅमनं. सकाळी सातला जुना प्रोग्रॅम बंद करून नवा चालू करायचा होता. सात पेट्यांत बाळं होती. सगळ्यात लहान बाळ नऊशे ग्रॅमचं. माझ्या या तळहाताएवढं म्हणा ना.

तिनं बरणी भरली. भरताना कमांड जराशी बदलली. प्रोग्रॅमच्या तेवढ्या फायली घ्यायच्या, बाकीचं किरकोळ गाळायचं, म्हणजे बरणी हलकी होईल. मग प्रोग्रॅम चालवला. प्राणवायूचा खोटा आकडा घातला. घंटा वाजली. झालं.

ती पर्स उचलून उठली. आणि तिला वाईट वाटलं. आज निदान काकांच्या पद्धतीनं करू, असं मनात आलं. तिनं तिसरी कमांड देऊन यादी पडद्यावर आणली, खणातला कागद काढला, नेहमीच्या जागी दिव्याखाली बसली आणि वाचायला लागली.

एक नाव वाचलं. खूण केली. दुसरं वाचलं. खूण केली. काम पटापट होत होतं. पहिलं पान संपलं. दुसरं संपलं.

तिसऱ्या पानावर पेन थांबला.

आपण पडद्याकडे पाठ करून बसलोय.

मग खूण करतोय ती... कशाच्या जोरावर?

पंखा फिरत होता. बाकी आवाज नाही. तिनं मान वळवली नाही. वळवणं जमलंच नाही, म्हणाली. तिनं कागदावरचं पुढचं नाव वाचलं. हळू.

पाठीमागून आलं, “आहे.”

तोच आवाज. थोडा बसलेला. लांबून नाही... खांद्यामागून.

तुम्ही म्हणाल, पळाली का नाही? मीही तेच विचारलं. ती म्हणाली, “थांबले असते तर ते पुढे काय बोलले असते, त्याची भीती वाटली. वाचत होते तोवर ते नुसतं ‘आहे’ म्हणत होते.”

म्हणून ती वाचत राहिली.

“आहे.”

“आहे.”

पान पाचवं. तिनं वाचलं, “मर्यादांची फाइल.”

...

पंखा.

तिनं पुन्हा वाचलं. “मर्यादांची फाइल.”

काही नाही.

“काका,” ती म्हणाली. “काका, चालतोय हो. आत्ता घंटा वाजली ना...”

काही नाही. पण कुणीतरी थांबलंय. वाट बघतंय.

ती वळली.

खुर्ची रिकामी. पडद्यावर यादी. वरून खालपर्यंत बघितली. पुन्हा बघितली. ती फाइल नव्हती.

प्राणवायू कितीच्या खाली गेला की घंटा वाजवायची, ते आकडे त्या फाइलीत असतात. किरकोळ म्हणून ती गाळली गेली होती. मग मघाशी घंटा कशी वाजली? कारण फाइल तिथेच शेजारी सुटी पडलेली होती. बरणीत सापडली नाही तर प्रोग्रॅम शेजारी बघतो. इस्पितळात शेजारी काय असणार होतं?

तिनं बरणी उचलून एका कोऱ्या फोल्डरमध्ये टाकली. चालवली. प्रोग्रॅम सुरू झाला. तक्रार नाही. नऊच्या नऊ चौकोन हिरवेगार. तिनं खोटा आकडा घातला, सत्तर. मग पन्नास. मग तीस.

हिरवेगार. घंटा नाही.

ती तिथेच खाली बसून रडली.

मग उठली, कमांड सुधारली, बरणी नव्यानं भरली. कोऱ्या फोल्डरमधून चालवली. घंटा वाजली. मग पुन्हा यादी आणली, ती प्रिंटरवर काढून दोन्ही कागद पुढ्यात घेतले आणि पहिल्या नावापासून मोठ्यानं वाचायला लागली. प्रत्येक नावानंतर थांबली. या वेळी कुणी बोललं नाही. एकदाही नाही. दोनशे चौदा नावं तिची तिनंच ताडली. जाताना त्या खुर्चीकडे बघून म्हणाली, “काका, चुकलं माझं.” त्यावरही काही नाही. दोन वाजून चाळीस मिनिटांनी ती ऑफिसला कुलूप लावून निघाली. आपण पुन्हा काही विसरलो तर नाही ना, हीच धाकधूक घेऊन.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं सांगतो. सकाळी सातला नवा प्रोग्रॅम चालू झाला. नऊ वाजून वीस मिनिटांनी पाचव्या पेटीची घंटा वाजली. नर्स धावली, मागून डॉक्टर. नऊशे ग्रॅमचं ते बाळ निळं पडत चाललेलं. दोन मिनिटांत गुलाबी झालं. प्रोग्रॅम चालू करून द्यायला आलेली सूनबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला एकटीला जाववेना, म्हणून सोडायला मी ऑफिसपर्यंत गेलो. अजून कुणी आलेलं नव्हतं; कुलूप तिनंच काढलं, तिच्याजवळच्या किल्लीनं. तिच्या मशीनवर दिलेल्या सगळ्या कमांडची नोंद राहते, वेळेसकट. ती तिनं उघडली आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. शेवटची कमांड यादी दाखवण्याची होती. नव्या बरणीची यादी. वेळ पहाटे चार वाजून बावन्न मिनिटं.